गेटवरची हाक

“मामा, गुरं परत आली?”

“आली, साहेब.”

“पण कशी आली?”

“पायानं.”

स्वरूपने डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं आणि पुन्हा घातलं. कल्याणहून आलेला पंचविशीतला इंजिनियर तो. मोहाच्या वाडीच्या माळावर पसरलेल्या त्या सोलर प्लांटमधल्या सगळ्या तारा त्याला पाठ होत्या. पण गेटसमोर वाडीची निम्मी गुरं रवंथ करत बसली, की काय करायचं हे त्याला कोणत्याच कॉलेजात शिकवलं नव्हतं. बांडी नावाची गाय तर गेटच्या आडव्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभी होती. गेटवरचा गार्ड, म्हणजे आपला कमळू, चेहरा एकदम कडक ठेवून साहेबाशी बोलत होता, आणि पाठीमागे नेलेल्या हाताने बांडीचा गळा खाजवत होता.

“मामा, हात पुढे घ्या.”

कमळूने हात पुढे घेतला. बांडीने नाराजीने फुर्रर्र केलं.

“मुंबईच्या ऑफिसात मोठ्या पडद्यावर आपला कॅमेरा दिसतो. काल मोठ्या साहेबांनी बघितलं, तर पडद्यावर काय? जीभ! या गाईने कॅमेरा चाटला, मामा. मला फोन आला. म्हणाले, हा प्लांट आहे की गोठा?”

“मंग तुमी काय बोल्ला?”

“मी काय बोलणार? दिवाळी झाली की ते स्वतः येणार आहेत. तोवर गुरं बंद झाली नाहीत, तर गेटवर दुसरा माणूस येईल आणि तुमची बदली भिवंडीच्या गोडाऊनला. माझ्या हातात नाही आता.”

कुठूनतरी टँकरचा आवाज आला, तसा कमळू वळला, हात उंचावला आणि छातीतून आरोळी दिली, “हुर्र्योऽऽ हाव्!” टँकर थांबला. कमळूने गुरांमधून वाट काढून दिली, गेट उघडलं, लावलं. कामात माणूस एकदम चोख.

आता कमळू इथे आला कसा, ते सांगायला हवं. टोकावड्याच्या अलीकडे उजवीकडे वळलं, की सिद्धगडाच्या बाजूला हा माळ लागतो. लागायचा, असं म्हणू. वरकस जमीन, तिच्यात खुरटं गवत, मधूनमधून खडक. पिकायचं काही नाही, पण वाडीची गुरं पिढ्यानपिढ्या इथेच चरायची. आणि ती चारायचा कमळू. त्याच्याआधी त्याचा बाप. माळ कंपनीने भाड्याने घेतला, तेव्हा ज्यांच्या जमिनी होत्या त्यांना भाडं सुरू झालं. कमळूची त्यात चतकोर जमीन नव्हती. पण वाडी एका तोंडाने म्हणाली, पयला कमळूला कामावर घ्या, मंग खांब गाडा. वाडीचं हे एक बरं आहे. एरवी नळावर एकमेकांच्या झिंज्या उपटतील, पण वेळेला एक होतील.

कंपनीलाही कल्पना झकास वाटली. वाडीतलं प्रत्येक जनावर ज्याला तोंडपाठ, तोच गेटवर असला तर कुंपणात कोण शिरेल? त्याला निळा गणवेश दिला, टोपी दिली, गळ्यात शिट्टी दिली आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची दिली. गुडघे कुरकुरू लागलेल्या कमळूला त्या खुर्चीचं फार अप्रूप. आणि झालं भलतंच. तो पुढच्या गेटवर असला, की गुरं पुढच्या गेटवर. मागच्या गेटला ठेवला, तर गुरं ओढ्याला वळसा घालून मागच्या गेटला हजर. एकदा स्वरूपने त्याला मुद्दाम प्लांटच्या पार मधोमध, इन्व्हर्टरच्या खोलीपाशी, आतल्या गाड्या थांबवायला उभं केलं. तेव्हा गुरांनी चारी बाजूंनी कुंपणाला अंग घासलं आणि दोन खांब वाकवले.

नवीन गुराखी नव्हता का? होता की. गुराखीण होती, प्रेमा. वाडीतल्या राघोची सून, तिशीची, हाडापेराने मजबूत, आवाज असा की नळावर ती बोलू लागली तर पाणी यायचं थांबेल. वाडीचे बाप्ये मुरबाडला कारखान्यात जायला लागले, तशी तिने गुरं घेतली. रोज सकाळी ती गुरं पार जंगलाच्या बाजूला, टेपावर, म्हणजे टेकाडावर न्यायची, आणि तिथून गुरं तिच्या हातावर तुरी देऊन माळाकडे पळायची.

“भिवंडीला म्हंजे किती लांब गो?” दुपारी कमळूने बायकोला विचारलं.

“दुसरी बायको बघायला जायचंय का तुला? कशाला विचारतो?” चिमीने भाकरी मोडली.

चिमीही प्लांटमध्येच कामाला होती. पॅनेलखालचं गवत काढायचं, लांब दांड्याच्या पुसणीने पॅनेल धुवायचे. दुपारच्या सुट्टीत ती भाकरीचं फडकं घेऊन गेटजवळच्या मोहाखाली यायची आणि दोघं एकत्र भाकरी खायची. तुम्हाला आम्हाला यात काय वाटणार? पण लग्न झाल्यापासून कमळूने दुपारची भाकरी कायम जंगलात दगडावर बसून खाल्लेली, आणि चिमीने दुसऱ्याच्या बांधावर. पोरी मोठ्या झाल्या, नांदायला गेल्या, तोवर नवराबायको दुपारची कधी एकमेकांसमोर बसली नव्हती. आता बसू लागली. चिमी सुकटीची चटणी करायची, आणि ती वाढताना त्याला एक शिवीही द्यायची, प्रेमाने. या वयात कमळूला हे सुख सापडलं होतं आणि त्याला ते सोडायचं नव्हतं. भिवंडीला गेला तर महिन्यातून एकदा घरी.

त्याने सगळं सांगितलं, तशी चिमीचा घास हातातच राहिला.

“मंग गुरांना हाकल की!”

“हाकलतो. जात नाय.”

“काठी घाल एक.”

कमळूने तिच्याकडे असं पाहिलं, की चिमीने पुढचा शब्द गिळला. त्याने जन्मात गुराला काठी लावली नव्हती. काठी होती, ती टेकायला.

आणि मग वाघबारस आली. तिकडच्या वाड्यांत दिवाळी तिथूनच सुरू होते. गुराखी घरोघर जाऊन तांदूळ-गूळ गोळा करतात, ओढ्याकाठच्या वाघदेवाच्या दगडाला शेंदूर लावतात, तिथेच खीर रटरटते. मग कुणीतरी वाघ होतो, गुरांवर धावतो, आणि सगळे त्याला पकडून विचारतात, “आमच्या शिवारी येशील का?” वाघ म्हणतो, “नाय येणार!” झालं. वर्षभर गुरं सुखरूप. वाघ नेहमी पोरांपैकी कुणीतरी व्हायचा.

“या वर्साला वाघ मी व्हणार,” कमळू म्हणाला.

म्हातारा भिमा वाघदेवाची पूजा करणारा. तो बघतच राहिला. “तू? अरे, तुझं गुडघं!”

“गुडघ्यांचं मी बघतो. तुमी शेंदूर बघा.”

मनात काय होतं, ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. गुरं एकदा त्याला वाघ म्हणून घाबरली, चांगली टरकली, की पुन्हा त्याच्या वाटेला जाणार नाहीत. जिवावर आलं होतं त्याच्या. पण भिवंडीपेक्षा हे बरं. मोहाखाली भाकरी तरी राहील.

त्याने सकाळी चिमीकडे हळद मागितली. पाण्यात कालवली तर अंगाला बसेना, म्हणून चुलीवरच्या पेजेत कालवली. ती अंगभर फासली, वर कोळशाचे पट्टे ओढले, मागे सुताची शेपटी बांधली आणि करवंदीच्या जाळीत दबा धरून बसला. प्रेमा गुरं घेऊन आली. बायाबापड्या, पोरंसोरं, सगळी वाडी ओढ्याकाठी जमली होती. सुट्टीच्या दिवशी स्वरूपसुद्धा मोबाइल घेऊन आला होता, फोटो काढायला.

कमळू जाळीतून उसळला. “ड्राँव्!”

पोरं किंचाळली. दोन म्हाताऱ्या खऱ्याच दचकल्या. गुरांनी माना वर केल्या, कान पुढे केले. कमळू चार पायांवर येऊन पुन्हा गुरगुरला. बांडी पुढे आली. त्याला वाटलं, आता शिंग घालते की काय! बांडीने हुंगलं, आणि त्याचं कपाळ चाटलं. मग कान चाटला. पेजेत चिमीने सढळ हाताने मीठ घातलं होतं, हे वाघाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. बांडीच्या मागून मोरी आली, तिच्या मागून तांबू आली, मग पाखऱ्या बैल आला. बघता बघता वाघ गुरांच्या गराड्यात दिसेनासा झाला. एक पट्टा इथून गेला, एक तिथून गेला. खरबरीत जिभांनी गुदगुल्या होऊन वाघ लोळायला लागला.

भिमाने रीत सोडली नाही. हसून हसून त्याला बोलता येत नव्हतं, तरी त्याने विचारलं, “आमच्या शिवारी येशील का?”

“आरं, मला पयला सोडवा रं कुनीतरी!” आतून आवाज आला.

वाडी हसून लोटपोट झाली. प्रेमाने तर भुईवर बसकण मारली. स्वरूपच्या मोबाइलमधला फोटो हलला, कारण तोच हलत होता. कमळू स्वतःही हसत होता. पण मग ओढ्यात उतरून तो उरलेला वाघ धुवायला लागला, तेव्हा बांडी काठावर त्याची वाट बघत उभी होती.

“जा गो बये,” तो म्हणाला. “जा ना. का अशी करतेस?”

बांडी गेली नाही.

दिवाळी सरली. साहेब यायला आठ-दहा दिवस राहिले. चिमी त्या दिवशी अगदी शेवटच्या रांगेत, टेपाच्या बाजूला पॅनेल पुसत होती. तिथून जंगलाकडची उतरण समोर दिसायची. प्रेमाची गुरं निवांत चरत होती, कुणी मान वर करत नव्हतं. चिमीला वाटलं, चला, आज सुटलो. तेवढ्यात लांब गेटकडून आरोळी आली, “हुर्र्योऽऽ हाव्!”

उतरणीवरच्या सगळ्या माना एकदम वर झाल्या. बांडीने वळण घेतलं. तिच्यामागे सगळी गुरं रांगेने चालू लागली, अगदी शहाण्यासारखी. खाली प्रेमा काय काय ओरडत होती, ते हवेत विरून गेलं.

चिमीने पुसणी टाकली आणि कमरेवर हात ठेवले. मग तिला असं हसू आलं, की पॅनेलच्या खांबाला धरून उभं राहावं लागलं. ती पदर सावरत थेट गेटवर आली. कमळू टँकरवाल्याशी बोलत होता. स्वरूपही तिथेच होता.

“गाडीला कसा थांबवलास रे?”

“कसा म्हंजे? हाक मारून.”

“कंची हाक?”

“कंची म्हंजे? आपली, नेहमीची...” कमळू थांबला. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“टँकर आला की हाक! जीप आली की हाक! दिवसभर गुरांना बोलावतो, आनि मंग म्हनतो, आली कशी!”

“मी गाडीला मारतो गो हाक!”

“ते बांडीला कुनी सांगायचं?”

स्वरूपने कमळूच्या गळ्यातल्या शिट्टीकडे बघितलं. “मामा, ही शिट्टी दिलीय ना तुम्हाला. वाजवली का नाही कधी?”

“शिट्टी काय, पोरं वाजवतात,” कमळू पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. टँकरवाला खाली उतरून पोट धरून हसत होता. खाली रस्त्यावर बांडी दिसू लागली होती, पाठीमागे सगळी फौज.

दुसऱ्या दिवसापासून कमळू शिट्टी वाजवू लागला. गाल फुगवून, डोळे मिटून. गुरं माळाकडे यायची कमी झाली, पण त्याने नवीनच घोटाळा झाला. आता त्यांना बांधून ठेवणारा आवाजच उरला नाही. शेतात भात पिवळं होऊन उभं, आणि गुरं चहूकडे पांगायला लागली. मोरी तर भिमाच्या खाचरात शिरून अर्धा वाफा फस्त करून आली. प्रेमा संध्याकाळी कमळूच्या दारात येऊन रडकुंडीला आली.

“काका, माजं नाय ऐकत हो. मी घसा फोडून घेते, तरी ढिम्म. मी सोडते हे काम. दुसरा कुनीतरी बघा.”

कमळू अंगणात बसला होता. चिमीने त्याच्याकडे पाहिलं. दोघांनाही कळलं होतं, काय करायला हवं. ती हाक त्याच्या बापाची होती. बापाने त्याला शिकवली तेव्हा तो बैलाच्या पोटाखालून जाईल एवढा होता. त्याला मुलगा नव्हता, पोरी लांब दिल्या, त्यामुळे ही हाक आपल्याबरोबर जाणार, असं त्याने कधीचंच धरलं होतं. देऊन टाकायची, तीही आपण जिवंत असताना, आणि मग आपणच ती तोंडातून काढायची नाही. त्याला ते फार जड गेलं.

“उद्या सुट्टी हाय माजी,” तो अखेर म्हणाला. “सकाळच्या एस्टीनं टोकावड्याला जाऊ. चिमी, तूबी चल.”

“टोकावड्याला कशाला?”

“इथं शिकवली तर गुरं येतील ना!”

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्याला एक ढाबा आहे. त्याच्या मागच्या पडीक रानात तिघं जाऊन उभी राहिली. कमळूने घसा साफ केला, आणि हाक दिली. ढाब्याच्या मागच्या दारातून आचारी डोकावला.

“आता तू.”

प्रेमाने दिली. झाडावरचे कावळे उडाले.

“तू भांडतेस.”

“नाय काका, मी हाकच मारते.”

“भांडतेस गो! गुराला वाटतं, ही आता मारनार. गळ्यातनं नको काडू. पोटातनं काड.”

तिने पोटातून काढली. ती आणखी मोठं भांडण वाटली. चिमी दगडावर बसून पदरात तोंड खुपसून हसत होती. आचारी आता कांदा आणि सुरी घेऊन बाहेरच येऊन बसला होता.

कमळूने डोकं खाजवलं. मग त्याला सुचलं. “तुजा पोरगा आश्रमशाळेतनं सुट्टीला येतो. रस्त्याच्या वळनावर दिसतो. तवा कशी हाक मारतेस? रागानं?”

“नाय. तवा कसला राग?”

“तशी मार.”

प्रेमाने रस्त्याच्या वळणाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं, एक एस्टी धूळ उडवत घाटाकडे निघाली होती. तिने हात तोंडाशी नेला.

“हुर्र्योऽऽ हाव्!”

ढाबेवाल्याची म्हैस बांधल्या जागी उभी राहिली. पलीकडच्या बांधावरच्या शेळ्यांनी खाणं थांबवलं. आचाऱ्याच्या हातातला कांदा तसाच राहिला.

चिमीचं हसणं थांबलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाठ करून उभा होता, टोपी हातात घेऊन.

“बरोबर हाय का, काका?” प्रेमाने विचारलं.

“बरोबर हाय,” कमळू म्हणाला. “माज्याहून बरी हाय. चला, भजी खाऊ.”

मोठे साहेब आले, ते ऐन दुपारी, काळ्या लांबलचक गाडीतून. कमळूने सकाळीच गणवेशाला इस्त्री करवून आणली होती. त्याने शिट्टी वाजवली, गेट उघडलं, सलाम ठोकला. साहेब उतरून स्वरूपशी बोलायला लागले. चिमी मोहाखाली फडकं सोडून बसली होती. आणि तेवढ्यात, खालच्या रस्त्याने गुरं पाण्यावरून परत निघाली.

गेटपासून हाकेच्या अंतरावर रस्ता फुटतो. एक वाट गेटकडे येते, एक जंगलाला जाते. पुढे बांडी होती. फाट्यावर ती थांबली. तिने मान वर करून गेटकडे पाहिलं. थेट कमळूकडे. स्वरूपचा चेहरा उतरला. बांडीने एक पाय या वाटेवर टाकला. मागची गुरं तिच्याकडे बघत थांबली. आणि मोरी, ती लबाड मोरी, सगळ्यांची नजर चुकवून भिमाच्या पिवळ्या खाचराकडे सरकू लागली.

कमळूला दिसलं. प्रेमा मागे होती, वासराला हाकत होती. तिला मोरी दिसली नव्हती. कमळूची छाती भरून आली, हात वर उठला, गळ्यात हाक येऊन उभी राहिली. अर्ध्या शब्दात मोरी फिरली असती. आणि तिच्याबरोबर सगळी गेटवर आली असती.

चिमी उठून उभी राहिली. पण तिने काही करायची गरज पडली नाही. कमळूने वर उठलेला हात स्वतःच्याच तोंडावर ठेवला आणि घट्ट दाबून धरला. डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

“हुर्र्योऽऽ हाव्!”

प्रेमाची हाक माळावरून गेली. मोरी खाचराच्या बांधावरून मागे फिरली. बांडीचे कान हलले. तिने कमळूकडे अजून एकदा बघितलं, पुढे टाकलेला पाय मागे घेतला आणि वळली. तिच्यामागे सगळी वळली. करवंदीच्या जाळ्यांपलीकडे एकेक पाठ दिसेनाशी झाली.

“कुठे आहेत ती गुरं?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“नाहीत, सर,” स्वरूप म्हणाला. “येत नाहीत आता.” आणि तो कमळूकडे न बघता साहेबांना आत घेऊन गेला, कारण बघितलं असतं तर त्याला बोलता आलं नसतं.

कमळूने गेट लावलं. कडी घातली. मग मोहाखाली येऊन चिमीसमोर मांडी घालून बसला. चिमीने भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली, वर चटणी ठेवली. आज तिने शिवी दिली नाही.

“शिकली गो ती,” कमळू म्हणाला. इतक्या हळू, की ऐकायला चिमीला पुढे वाकावं लागलं.